पिस्टनच्या रिंगा बदलल्यावर पहिलं ऑइल: साधं मिनरल १०डब्ल्यू-४० वापरून बघितलं (५ पैकी ४.५)

फोर-स्ट्रोक, एअर कूल्ड, सिंगल सिलिंडर एटीव्ही (चार जाड चाकांची ऑफ-रोड गाडी) आहे, ऑइल खायला लागली होती, निळा धूर आणि कॉम्प्रेशन पण पडलेलं, म्हणून रिंगांचा सेट बदलला आणि सिलिंडरला होनिंग केलं (आतली भिंत दगडाने बारीक घासून घेतली). बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापात होता त्यामुळे पिस्टन जुनाच. इंजिन बांधून झाल्यावर प्रश्न येतो की पहिलं ऑइल कुठलं टाकायचं, मिनरल, सिंथेटिक की ते डब्यावर 'ब्रेक-इन' लिहिलेलं स्पेशल. मी साधं मिनरल टाकलं, जासो एमए वालं (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलचं जपानी मानक), आणि एकदम समाधानी आहे.

स्पेशल ब्रेक-इन ऑइल का नाही, तर त्यातल्या बऱ्याच ऑइलमध्ये झिंक जास्त असतं ते मुख्यतः फ्लॅट टॅपेटच्या नवीन कॅमसाठी (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, तो सपाट टॅपेटवर घासत फिरतो). इथे कॅम जुनाच, कधीचा रुळलेला, नवीन फक्त रिंगा. आणि सिंथेटिकवर रिंगा बसतच नाहीत (म्हणजे घासून सिलिंडरला घट्ट जुळत नाहीत) असं जे सगळे छातीठोकपणे सांगतात ते काही खरं नाही, कितीतरी नवीन इंजिनं कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात. पण हे पहिलं ऑइल थोड्याच वेळात काढून टाकायचंय मग त्यात महागडं ओतायचं कशाला? जासो एमए मात्र बघूनच घ्या, माझ्या गाडीसारखा वेट क्लच त्याच ऑइलमध्ये असेल तर कारचं फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं रसायन) वालं ऑइल टाकल्यावर क्लच स्लिप व्हायला लागतो.

आता मुद्द्याचं. रिंगा बसवायचं काम ऑइल करत नाही, इंजिनवरचा लोड करतो. होनिंगने सिलिंडरच्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पडतात, त्यांच्या कडांवर घासून रिंगची कड सिलिंडरच्या आकाराला येते, आणि या कडा गुळगुळीत होईपर्यंतच ही संधी असते. रिंगचा स्वतःचा ताण कमी असतो, तिला भिंतीवर खरं दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब, तो रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे नवीन इंजिन म्हणून घाबरत घाबरत तासभर आयडलवर ठेवलं तर दाबच तयार होत नाही, भिंतीवरचं ऑइल भाजून तिथे चकचकीत थर बसतो, ग्लेझिंग म्हणतात ते, मग परत सगळं खोला आणि परत होनिंग करा!!

मी थोडं गरम केलं, लीक बघितले, बंद करून पूर्ण थंड होऊ दिलं आणि मग थेट चढावर नेली. मधल्या गिअरमध्ये साधारण अर्ध्या थ्रॉटलपर्यंत जोर देऊन खेचायची, मग थ्रॉटल पूर्ण सोडून इंजिन ब्रेकिंगवर येऊ द्यायची, परत खेचायची. थ्रॉटल सोडल्यावर सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, त्याने ऑइल रिंगांकडे ओढलं जातं आणि धातूचा बारीक कीस धुऊन निघतो. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गुदमरवायची नाही, आणि एअर कूल्ड असल्याने मधे मधे थांबायचं. यामाहाच्या बऱ्याच एटीव्ही मॅन्युअलमध्ये पहिले १० तास अर्ध्या थ्रॉटलच्या वर सतत चालवू नका आणि थ्रॉटल एकाच जागी धरून ठेवू नका असं आहे, त्यातला 'सतत' हा शब्द लोक विसरतात.

पहिलं ऑइल गरम असतानाच काढलं, फिल्टर पण बदलला. ऑइलमध्ये राखाडी चमक होती, ती असणारच, पण बोटाला टोचतील असे तुकडे दिसले तर गाडी पुढे चालवू नका. सुरुवातीचा धूर म्हणजे बांधताना लावलेलं ऑइल जळतं तो, नंतर गेला. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून परत मोजलं, मस्त वर आलंय.

अर्धा स्टार कापला कारण उन्हात हळू चढावर बराच वेळ चालल्यावर गिअर जड पडायला लागले, लांब पल्ल्यासाठी हे ऑइल नाही.

आणि एक, होनिंगनंतर सिलिंडर फक्त पेट्रोलने पुसून बांधू नका हो प्लीज. पेट्रोलने दगडाची बारीक पूड निघत नाही, गरम पाणी आणि साबण लावून ब्रशने घासायचं, पांढरं फडकं फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे, मग लगेच ऑइल लावायचं नाहीतर गंज धरतो. ती पूड आत राहिली तर नव्या रिंगा तीच खाऊन टाकते. रिंग बोअरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजायचा (वरच्या रिंगला साधारण २५ मिमी बोअरला ०.१ मिमी धरतात, पण आकडा आपल्या मॅन्युअलचाच घ्या), खूण असलेली बाजू वर आणि रिंगांची तोंडं (गॅपची जागा) एका रेषेत येऊ द्यायची नाहीत.

दुसऱ्या बदलीपर्यंत हेच मिनरल ठेवलं, आता सेमी-सिंथेटिक आहे, जासो एमए वालंच, आणि ऑइलची लेव्हल अजून जागची हललेली नाही.