‘द लंचबॉक्स’: मंडळीच्या हॉलमध्ये दाखवावा का?

आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाला लग्न या विषयावर एक चित्रपट दाखवायचा होता. यादीत रितेश बत्राचा २०१३ सालचा ‘द लंचबॉक्स’ निघाला आणि एका वडीलजनांनी लगेच मान हलवली. लग्न झालेली बाई परपुरुषाला चिठ्ठ्या लिहिते, असला सिनेमा मंडळीच्या हॉलमध्ये? त्यांनी तो पाहिलेला नव्हता, हे वेगळं सांगायला नको. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “सिस्टर, तुम्हीच बघून सांगा.” मिशन हॉस्पिटलात उभी नोकरी केलेली बाई लाजणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईच्या इलाने (निम्रत कौर) नवऱ्यासाठी, राजीवसाठी, जीव ओतून केलेला डबा चुकून साजन फर्नांडिस (इरफान खान) या विधुराच्या टेबलावर जातो. तो सरकारी कचेरीतून निवृत्त व्हायला टेकलेला. संध्याकाळी नवरा म्हणतो, आलू-गोबी छान होती. इलाने गोबी केलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी घालते, आणि फर्नांडिसचं पहिलं उत्तर काय, तर आज मीठ फार होतं! आभार नाहीत, काही नाही. मग वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंच्या सल्ल्याने मिरच्या पडतात आणि बुवांना केळी खाऊन जीभ शांत करावी लागते. मी इतकी हसले की नात आतून बघायला आली.

आता नीतीचा प्रश्न. चोरलेलं पाणी गोड आणि चोरून खाल्लेली भाकर रुचकर लागते, असं बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायात आहे. या सिनेमात तर भाकरीसकट सगळं आहे. वासनेने नुसतं पाहणं हाही मनातला व्यभिचारच, हे मत्तय ५:२८ काढून कुणी बोट ठेवलं तर मी वाद घालणार नाही. पण चिठ्ठ्यांत काय लिहिलंय ते तरी वाचा. सुरुवातीला फर्नांडिस तिला तिचा संसार सावरायलाच सांगतो, दुसऱ्या मुलाचा विचार कर म्हणतो. तीही हनिमूनच्या वेळचा ड्रेस घालून नवऱ्यापुढे उभी राहते. तो मान वर करून बघत नाही. त्याच्या शर्टाला वास येतो तो दुसऱ्या बाईचा. करार आधी कुणी मोडला? मलाखी संदेष्टा तारुण्यातल्या बायकोशी बेइमानी करणाऱ्यांना झोडपतो, तेव्हा तो राजीवसारख्यांबद्दलच बोलतो. आमच्या वडीलजनांच्या आक्षेपात राजीवचं नावसुद्धा नव्हतं.

तरीही इला धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. मन मोकळं करणं वेगळं आणि त्या माणसाबरोबर भूतानला जायची स्वप्नं बघणं वेगळं. हा उंबरा ती केव्हा ओलांडते ते दिग्दर्शक ओरडून सांगत नाही, आपणच ओळखायचं. चर्चेला बसलेल्या पोरांना नेमकं हेच विचारावं.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे. इला नवऱ्याला तोंडावर एकदाही खडसावत नाही. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याचा दोष त्याला दाखव, हे प्रभूने मत्तय १८:१५ मध्ये सांगितलंय. इथे राजीवला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही, तो फक्त टीव्हीपुढे जेवणारा एक पाठमोरा पुरुष उरतो. आमच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं ताटातुटीची, अपमानाची. पण ‘स्मृतिचित्रे’ उघडा, ही बाई नवऱ्याला सुनावताना कुठे कचरत नाही आणि त्यातूनच संसार पुन्हा उभा राहतो. इलाच्या तोंडी असं एक भांडण घातलं असतं तर सिनेमा आणखी उंचीला गेला असता.

फर्नांडिस नावाचाच ख्रिस्ती वाटतो, हीही खंत आहे. दफनभूमीत आडवी जागा मिळेना, उभी देऊ केली, ही त्याची चिठ्ठी भन्नाट आहे. जन्मभर लोकलमध्ये उभा राहिलेला माणूस मेल्यावरही उभाच! पण बायको गेलेल्या या माणसाच्या दारी ना पाळक येतो, ना भगिनी मंडळातलं कुणी. तो गॅलरीत सिगारेट ओढत समोरच्या घरातलं जेवण बघत राहतो आणि तिथली पोरगी खिडकी लावून घेते. आमच्याकडे दोन रविवार उपासनेला दिसला नाहीत तर घरी चौकशीला माणसं हजर. चौकशीबरोबर चहाड्याही येतात, ते सोडा.

आता ज्यासाठी हा सिनेमा दाखवावाच असं मला वाटतं ते सांगते. इलाच्या दोन बाजूंना दोन बायका आहेत. देशपांडे काकू पडद्यावर दिसत नाहीत, भारती आचरेकरांचा नुसता आवाज. नवरा वर्षानुवर्षं बेशुद्धीत, नजर छतावरच्या पंख्यावर. म्हणून त्या पंखा बंद न करता, फिरता ठेवूनच पुसतात. आणि आवाज ऐका, कुरकुर नाही. दुसरी इलाची आई. कर्करोगाने नवरा जातो आणि तिथेच ती म्हणते की मला फार भूक लागलीय, पराठे खावेसे वाटतात. इतकी वर्षं औषधं, अंघोळ, नाश्ता, सगळं किळस येऊन केलं. हॉलमध्ये कुणी या प्रसंगाला नाक मुरडेल. मुरडू नका. वॉर्डात पहाटे गेलेल्या पेशंटच्या बायकोला मी कपबशीत चहा दिलाय आणि तिने बिस्किटांचा अख्खा पुडा संपवताना पाहिलाय. लग्नातली शपथ दोघींनी पाळली, ‘आजारात व आरोग्यात’. पण १ करिंथ १३ मधली, सगळं सोसणारी प्रीती एकीच्या घरात राहिली, दुसरीच्या घरातून कधीच उठून गेली होती.

फर्नांडिस इलाला भेटायला हॉटेलात जातो, तिला लांबून बघतो आणि समोर न जाताच परततो. त्या दिवशी बाथरूममध्ये त्याला आपल्या आजोबांच्या खोलीचा वास आलेला असतो. व्यभिचार करू नको ही आज्ञा आठवून तो मागे फिरला असता तर मला जास्त आवडलं असतं, पण मागे फिरला हे खरं. शेवट दिग्दर्शकाने उघडाच ठेवलाय.

आक्षेपार्ह दृश्य एकही नाही, सिगारेट सोडली तर. लहान पोरांना कंटाळा येईल, त्यांना रविवारच्या शाळेच्या खोलीत बसवा. लग्न ठरलेल्या जोडप्यांना पुढच्या रांगेत घ्या. आणि कार्यक्रम भगिनी मंडळापुरता ठेवू नका, पुरुषांना आधी आमंत्रण द्या. वडीलजनांच्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवते.