मॉडिफाय गाडीचं ‘स्पेशल’ एमिशन

जुन्या, मॉडिफाय केलेल्या गाडीचं एमिशन (म्हणजे पीयूसी, धुराची तपासणी) करायला निघाला असाल आणि कुणी म्हणालं की अशा गाडीला स्पेशल सर्टिफिकेट लागतं, तर किल्ली त्याच्या हातात देऊ नका. असलं कुठलंही सर्टिफिकेट नसतं. या एका वाक्यावर माझे चौदा हजार गेले, आणि त्याहून महागाची वस्तू गाडीच्या मूळ सामानातून कापून नेली ती वेगळीच. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात हाच प्रकार आणखी काही जणांशी झाल्याचं नंतर कानावर आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी २००६ ची एस्टीम, पेट्रोल, केए-२२ पासिंग. घेतली दादाने, नटवली पुतण्याने. कॉलेजात असताना त्याने हेडर (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या नळ्या) बसवलं, सरळ पाइप टाकला, मागे मोठ्या तोंडाचा सायलेन्सर लावला आणि एअर फिल्टरचा डबा काढून तिथं लाल शंकूसारखा फिल्टर बसवला. गाडी गल्लीत शिरली की आईला आतल्या खोलीत कळायचं. इंजिन मात्र मूळचंच, नंबर आरसीशी जुळणारा. (ज्यांनी इंजिनच बदललंय त्यांची गोष्ट निराळी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल दोन्ही त्यांच्या आड येतात. ते आधी आरटीओत निस्तरावं लागतं, एमिशन नंतर.) कंपनीचा मूळ एक्झॉस्ट (धूर मागे नेणारा सगळा पाइप), कन्व्हर्टरसकट (धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा), पुतण्याने पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. त्या सगळ्या उद्योगात त्याने केलेलं शहाणपणाचं काम तेवढं एकच.

आरसीचं पाच वर्षांचं रिन्यूअल आलं. मोटारीच्या रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहूनही वाढली. त्यामुळे एफसीला (फिटनेस तपासणीला) गाडी नेली आणि परत पाठवली असं परवडत नाही. म्हणून आधी एमिशन करून घ्यायचं ठरवलं. सेंटरवरच्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी आयडलवर ठेवली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आला २.८ टक्के. २००५ नंतरच्या बीएस-२ (भारत स्टेज, धुराच्या सरकारी निकषांचा टप्पा) पेट्रोल मोटारीला मर्यादा ०.५ टक्के आहे. एचसी (हायड्रोकार्बन, न जळालेलं पेट्रोल) ६०० च्या घरात, म्हणजे ७५० च्या मर्यादेत. फेल. पोरगा सरळ होता. म्हणाला, “पेट्रोल जास्त ओढायलीय गाडी, मेस्त्रीला दाखवून आणा.” फेल झाल्याची स्लिपही दिली.

तिथंच बाकड्यावर एक जण चहा पीत बसला होता. तिशीचा असेल, हातात दोन मोबाइल. स्लिप त्याने माझ्या हातातून घेतलीच.

“काका, ही मॉडिफाय गाडी हाय की! हिला नॉर्मल टेस्ट चालत नाही. हिचं स्पेशल एमिशन असतंय, आरटीओतनं वेगळं येतंय. मी रोज करून देतोय. ओरिजिनल सायलेन्सर हाय काय घरात?”

आहे म्हटल्यावर त्याने एका मोबाइलवर कुणाला तरी फोन लावला आणि कन्नडमधून बोलला. शेवटचं ‘आक्कैति बिडरी सर’ (होऊन जाईल हो सर) एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. पलीकडचा सर आरटीओतला, असं मला वाटावं ही त्याची योजना. आता वाटतं, पलीकडे कुणी नसेलही. आपल्याकडे मराठी माणसाला कन्नडमधल्या कागदांची जी धाकधूक असते ना, तिच्यावर या लोकांचं निम्मं दुकान चालतं. “फॉर्म कन्नडमधी असतंय, तुम्हाला जमणार नाही, मी बघतो,” हे वाक्यही त्याने टाकलंच.

हिशोब असा सांगितला: आठ हजार मूळ एक्झॉस्ट साफ करून बसवायचे, सहा हजार स्पेशल सर्टिफिकेटचे. मी बिल मागितलं, देतो म्हणाला. पैसे यूपीआयने मागितले आणि क्यूआर उघडला तर नाव तिसऱ्याच माणसाचं. “मेव्हण्याचं अकाउंट हाय.” गॅरेज हायवेच्या कडेला, पत्र्याचं, पण आत लिफ्ट, वेल्डिंग मशीन, उभ्या चार गाड्या. संशय यावा असं वरवर काही नव्हतं. गाडी आणि माळ्यावरचा एक्झॉस्ट दोन्ही त्याच्या ताब्यात गेलं.

परत मिळाली तेव्हा गाडी गप्प झाली होती. एवढी वर्षं गुरगुरणारी एस्टीम शहाण्यासारखी चालायला लागली, त्यामुळे काम झालं असंच वाटलं. सोबत रंगीत छापील सर्टिफिकेट: क्यूआर कोड, गाडीचा फोटो, सीओ ०.११, वैधता एक वर्ष.

पहिला चकवा इथेच होता, आणि तो कागदावरच लिहिलेला होता. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला एमिशन सहा महिन्यांचं मिळतं. एक वर्ष मिळतं ते बीएस-४ आणि त्यापुढच्यांना. दुसरी गोष्ट मोबाइलची. २०२१ मध्ये देशभर एकच नमुना आला तेव्हापासून मालकाचा मोबाइल नंबर नोंदवणं सक्तीचं आहे, आणि टेस्ट झाली की त्यावर मेसेज येतो. मला मेसेज नाही. विचारलं तर, “सर्व्हर डाऊन हाय, उद्या येईल.” तिसरी, फोटो. सेंटरवर काढलेल्या फोटोत गाडी टेस्टला लावलेली दिसते. माझ्या सर्टिफिकेटावरच्या फोटोत गाडीमागे निळा ड्रम आणि त्यावर वाळत घातलेला बनियन. तो ड्रम मी त्याच्याच गॅरेजात पाहिला होता.

परिवाहन या सरकारी साइटच्या पीयूसी पानावर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले. नोंद होती ती मागची, कधीच संपलेली. सर्टिफिकेटावरचा क्यूआर स्कॅन केला तर एक चित्र उघडलं, सरकारी पान नव्हे. म्हणजे कागद घरी छापलेला. असा कागद घेऊन कोगनोळीच्या नाक्यावर अडकलो असतो तर एमिशन नसल्याचा दंड, जो कायद्यात १०,००० पर्यंत आहे, तो बाजूला राहिला असता आणि बनावट कागद जवळ बाळगल्याचं लचांड मागे लागलं असतं.

त्याला फोन केला. “काका, अपडेट व्हायला टाइम लागतंय.” मग फोन उचलणं बंद.

कन्व्हर्टरचा घोळ तोवर माझ्या ध्यानीमनीही नव्हता. बेळगावच्या उद्यमबागेत एक म्हातारे मेस्त्री आहेत, मी त्यांना मामा म्हणतो, फौंड्रीतून निवृत्त होऊन मुलाच्या गॅरेजात बसतात. त्यांच्याकडे गाडी नेली ती सीओ का वाढतोय ते बघायला. गाडी वर घेतली, मामांनी बोटाच्या पेराने कन्व्हर्टरच्या डब्यावर टकटक केलं आणि मुलाकडे बघितलं. आवाज रिकाम्या डब्याचा. मग टॉर्च लावून मला वेल्ड दाखवला. कंपनीचा जोड एकसारखा, बारीक, गंजून तपकिरी झालेला. याच्या मधोमध मात्र हाताने मारलेला जाड, वेडावाकडा वेल्ड, ग्राइंडरच्या खुणा, आणि त्यावर चंदेरी स्प्रे. स्प्रे इतका ताजा की नखाला लागला. पाइप सोडवून एका तोंडाला टॉर्च धरला तर उजेड दुसऱ्या तोंडातून सरळ माझ्या डोळ्यात. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळीची चिनी मातीची वीट असायला हवी. तिच्यातून उजेड येतो तो शेकडो ठिपक्यांचा. इथं वीटच नव्हती.

त्या विटेवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अगदी पातळ थर असतो. सीओ आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल त्या थरावर जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. या धातूंना सोन्याच्या पंक्तीचा भाव आहे. मध्यंतरी महाराष्ट्र-गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या येत होत्या त्या याच्याचसाठी. चोर याला नुसतं ‘माती’ म्हणतात आणि ती किलोवर विकली जाते. कंपनीच्या मूळ कन्व्हर्टरला भाव जास्त, कारण बाजारातल्या स्वस्त मालात धातू नावापुरताच घातलेला असतो. म्हणजे त्या बाकड्यावरच्या माणसाने पहिल्या मिनिटाला “ओरिजिनल सायलेन्सर हाय काय घरात” हे का विचारलं, ते आता कळलं. त्याला माझ्या सर्टिफिकेटशी देणंघेणं नव्हतंच. चौदा हजार हा वरचा मलिदा, खरा डोळा माळ्यावर.

मॉडिफाय गाडीचे मालक यांना सोपे सापडतात, कारण आपली गाडी नियमात बसत नाही ही धास्ती त्यांच्या मनात आधीच असते, आणि मूळ सामान बहुतेकांच्या घरी पडून असतं. वर आवाज कमी झाला की मालक खूश. आवाज कन्व्हर्टर नव्हे, मागचा मफलर कमी करतो. तो त्याने प्रामाणिकपणे बसवला होता!

आता जे खरोखर बिघडलं होतं ते. मामांच्या मुलाने हेडरच्या जोडाजवळ काजळीची काळी रेघ दाखवली. गॅस्केट फुटलेलं. तिथून बाहेरची हवा आत ओढली जायची, पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा मोजून ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगायचा, आणि ईसीयू बापडं पेट्रोल वाढवत बसायचं. त्यातून सेन्सरही म्हातारा झालेला. गॅस्केट, सेन्सर, प्लग, फिल्टरचा मूळ डबा परत, एवढं केल्यावर सीओ निम्म्याहून खाली आला. पण बीएस-२ ची ०.५ ची रेघ कन्व्हर्टरशिवाय गाठणं या गाडीला जमेना. तो विकतच घ्यावा लागला.

म्हणून स्लिप नीट वाचा, ती फेल झाल्यावरही मागून घ्या. ती देण्याची तरतूद २०२१ च्या नियमातच आहे, आणि मेस्त्रीला दाखवण्यासाठीच ती असते. सीओ चढलेला असेल तर पेट्रोल जास्त जातंय: सेन्सर, इंजेक्टर, तुंबलेला फिल्टर, कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट आणि चोक. एचसी चढलेला असेल तर पेट्रोल नीट जळत नाही: प्लग, वायर, कॉम्प्रेशन. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या ८०० किंवा पद्मिनीवाल्यांनी तर घाबरायचं कारणच नाही. बीएस-२ च्या आधीच्या चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के आणि एचसीची १,५०० आहे, चांगला ट्यूनिंगवाला ती सहज गाठून देतो. मशीन तुमचा स्पॉयलर बघत नाही आणि अलॉय बघत नाही. नळीतून काय येतं तेवढं बघतं. आणि टेस्टला जाताना गाडी निदान पंधरा-वीस मिनिटं चालवून, चांगली तापवून न्या. थंड कन्व्हर्टर काम करत नाही, त्यामुळे धडधाकट गाडीही घरापासून दोन गल्ल्यांवर फेल होते. एजंटांची पुष्कळ गिऱ्हाइकं अशी थंड गाडीवालीच असतात.

सीमाभागात आणखी एक थाप चालते, की कोल्हापूरकडचं सर्टिफिकेट कर्नाटकच्या गाडीला चालत नाही. चालतं. अधिकृत सेंटरचं सर्टिफिकेट देशभर वैध असतं. निपाणीच्या माणसाने कागलला टेस्ट केली तरी नोंद त्याच गाडीवर पडते. फी इकडे काय, तिकडे काय, थोडक्यातच असते. हजारांत सांगणारा माणूस टेस्ट सोडून भलतंच काही विकत असतो.

तक्रार मी दिली आहे. फसवणुकीला पूर्वी ४२० म्हणायचो, आता न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. ठाण्यातल्या साहेबांनी आधी हसून “गाडी मॉडिफाय केली कशाला?” असं विचारलं, पण बनावट सर्टिफिकेट समोर ठेवल्यावर खुर्चीत सरळ बसले. कामाला आल्या त्या तीन गोष्टी: यूपीआयचा व्यवहार, सेंटरची फेलची स्लिप, आणि पुतण्याच्या जुन्या मोबाइलमधले, एक्झॉस्ट काढताना त्याने हौसेने काढलेले फोटो. त्यात कन्व्हर्टरच्या डब्यावर ठोकलेले आकडे वाचता येतात. त्या बाकड्यावरच्या माणसाने दिलेलं बिल मात्र कुचकामी निघालं, त्यावर गाडीचा नंबर नाही आणि ‘एक्झॉस्ट वर्क’ एवढंच लिहिलंय. तुमच्या घरी मूळ एक्झॉस्ट पडून असेल तर त्या आकड्यांचा फोटो आजच काढून ठेवा. गॅरेजात द्यायची वेळ आली तर बिलावर ‘कन्व्हर्टरसह दिला’ असं लिहून घ्या, आणि परत घेताना दोन्ही तोंडांतून टॉर्च मारून बघा.

‘मेव्हण्या’च्या खात्यातून सहा हजार परत आले, ठाण्यातून फोन गेल्यावर. बाकीचं बघू. गॅरेजचा पत्रा अजून तिथंच आहे, पण बोर्ड बदललाय. आता तिथं एसी दुरुस्ती करून मिळते म्हणे.