वीझरची 'पिंकर्टन' : मिनिटाला शंभर रुपये आणि एक 'टक'

"सर, हा अल्बमच असा खरखरीत आहे. नेटवर वाचा." दुकानदाराच्या या एका वाक्यामुळे हे लिहायला बसलोय. साडेतीन हजार आपण मोजायचे आणि वर अभ्यासही आपणच करायचा! असो. केलाच अभ्यास, आणि एलपी बरेच महिने वाजवूनही झाली.

वीझर हा अमेरिकन रॉक बँड, 'निळा अल्बम' हा त्यांचा पहिला, 'बडी हॉली' हे त्यातलं गाजलेलं गाणं, आणि 'पिंकर्टन' हा १९९६चा दुसरा अल्बम; याहून जास्त उगाळत नाही. आधी हिशेब. दहा गाणी, साडेचौतीस मिनिटं. म्हणजे मिनिटाला शंभर रुपये पडले. चहा ठेवून, गाळून, कप घेऊन बसेपर्यंत पहिली बाजू संपत आलेली असते. पुन्हा उठा, उलटा.

आता ती खरखर. दुकानदाराचं निम्मं म्हणणं खरं आहे, म्हणूनच जास्त राग आला. निळ्या अल्बमला 'द कार्स' या बँडचा रिक ओकॅसेक निर्माता होता, सगळं कसं पुसूनपासून ठेवलेलं. दुसऱ्या वेळी बँडने निर्मिती स्वतःकडे घेतली. पहिलंच गाणं 'टायर्ड ऑफ सेक्स' (ज्येष्ठ मंडळी घरात असताना याचं नाव कुणी विचारू नये अशी प्रार्थना) सुरू होतं तेच घरघरत, किंचाळत. बँडचा मुख्य गायक आणि गीतकार रिव्हर्स कुओमो, तसेच ब्रायन बेल आणि मॅट शार्प या तिघांनी वेगवेगळं गाऊन नंतर जोडण्याऐवजी एकत्र उभं राहून तीन माइकवर गायलंय. त्यामुळे कोरसमध्ये आवाज एकमेकांवर आदळतात, कुणी मागे राहतो, कुणी ओरडतो. हे सगळं मुद्दाम आहे, मान्य.

पण माझ्या तबकडीवर शेवटच्या 'बटरफ्लाय'मध्ये ठरावीक अंतराने 'टक' असा आवाज येत होता. टक. टक. टक. गाणं म्हणजे बहुतांशी अकूस्टिक गिटार आणि दबका आवाज, लपायला जागाच नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला १.८ सेकंद. ओरखडा असेल तर आवाज बरोबर तेवढ्याच अंतराने येणार. ड्रमर पॅट विल्सन कितीही धसमुसळा वाजवत असला तरी इतक्या शांत गाण्यात दर १.८ सेकंदांनी काठी आपटणार नाही. हे मी दुकानदाराला लेखी कळवलं, शेजारी स्टॉपवॉच ठेवून मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग जोडलं. उत्तर तेच: अल्बमच असा आहे. मग सुई साफ आहे का, टर्नटेबल सपाट जागी आहे का, अमुक आहे का, तमुक आहे का. शेवटी दुसरी कुठलीही एलपी इथे टकटकत नाही हे दाखवल्यावर बदलून मिळाली. येण्याजाण्याचा कुरिअरचा खर्च मात्र माझ्या माथी.

या भांडणाचा एक फायदा झाला. पुरावा गोळा करायच्या नादात अल्बम इतक्या वेळा ऐकला गेला, की सुरुवातीचं मत टिकलं नाही. पहिले काही आठवडे मी १९९६च्या श्रोत्यांच्या बाजूने होतो. बिचाऱ्यांनी 'बडी हॉली'सारखी आणखी दहा गाणी मिळतील म्हणून पैसे टाकले आणि हातात पडली एका चिडक्या पोराची रोजनिशी. अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन क्रमवारीत १९व्या क्रमांकापर्यंत गेला आणि घसरला. 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बममध्ये बसवलं. २००२ साली त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या सर्वोत्तम अल्बममध्ये १६वा क्रमांक दिला. लोक म्हणतात, जगाला उशिरा कळलं. मला ते पटत नाही. ही माणसंच वेगळी होती. पहिली पार्टीत वाजवायला काहीतरी शोधत होती; दुसरी खोलीचं दार लावून ऐकणारी, तेव्हा बहुतेक शाळेत असतील. सगळ्यात गंमत कुओमोची. २००१मध्ये तो स्वतःच या अल्बमला जाहीरपणे नावं ठेवत होता आणि २०१०मध्ये दौऱ्यावर हाच अल्बम सलग वाजवत होता.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याने, 'द गुड लाइफ'ने. कुओमोचा एक पाय आखूड होता. तो वाढवायची शस्त्रक्रिया करून घेऊन हा गडी काठी टेकत हार्वर्डमध्ये शिकत होता. रॉकस्टार असून वर्गात एकटा बसणारा. गाण्यात ती म्हाताऱ्याची काठी आहे, चिडचिड आहे, आणि तरी चाल अशी की पाय आपोआप हलतो. गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसलेला माणूस हे गाणं वेगळ्या कानाने ऐकतो, एवढंच सांगतो. गिटारचा तो कर्कशपणा इथे दुखण्यासारखाच वाटतो आणि जागच्या जागी बसतो.

उलट 'अक्रॉस द सी' माझ्या यादीत खाली गेलं. आधी तेच सगळ्यात आवडलं होतं, चाल आहेच तशी. पण एका जपानी चाहतीच्या पत्रावरून ते लिहिलंय, पत्रातलं बरंच थेट उचललंय, आणि पुढे तिच्याबद्दल जे कल्पनाविलास आहेत ते वारंवार ऐकले की कसंनुसं होतं. अल्बमचं नाव पुच्चीनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरामधल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं, जपानी बायकोला टाकून जाणाऱ्याचं. म्हणजे कुओमोला आपण कोण आहोत हे कळत होतं, आणि शेवटच्या 'बटरफ्लाय'मध्ये तो माफीही मागतो. माझा भाचा म्हणतो, "मामा, तोच तर पॉइंट आहे ना." असेल. पॉइंट कळूनही मी आता त्या गाण्याआधीच सुई उचलतो.

मुखपृष्ठाबद्दल मात्र तक्रार नाही. जपानी चित्रकार हिरोशिगेचं कांबारा गावच्या बर्फाळ रात्रीचं चित्र बारा इंची आकारात बघायला मिळतं, ते मोबाइलच्या नखाएवढ्या चौकोनात अजिबात कळत नाही. साडेतीन हजारांतले निदान पाचशे मी त्याच्या नावावर टाकलेत. बदलून आलेल्या प्रतीचा कोपरा दुमडलेला आहे, पण त्यासाठी पुन्हा पत्रव्यवहार करायची ताकद नाही.

घ्यावी का? निळा अल्बम आवडतो एवढ्याच कारणाने घेऊ नका, आधी स्ट्रीमिंगवर यातलीच 'गेटचू' आणि 'पिंक ट्रायँगल' ऐका. कान किटले तर पैसे वाचले. एलपी घेतलीच तर खोकं उघडल्या दिवशी दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आधी वाजवा, घड्याळ हातात धरून, आणि परतीची मुदत संपायच्या आत. भाचा आता २०१०ची डिलक्स आवृत्ती घ्या म्हणून मागे लागलाय, दोन सीडींची, 'ट्रॅजिक गर्ल' नावाचं आधी कुठेच न आलेलं गाणं तीत आहे म्हणे. मिनिटामागे ती स्वस्त पडते, हे त्याने मला बरोबर हेरून सांगितलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही.