प्रचाराच्या मेलला लावलेली चावी: आठ महिन्यांचा अनुभव

एडिसनमध्ये (न्यू जर्सी) टाऊनशिप कौन्सिलच्या एका उमेदवाराचे हिशेब मी बघते. पेशाने अकाउंटंट, माहेर सांगली, त्यामुळे पैशाचं काम आलं की सगळे मलाच धरतात. देणगीदारांची यादी, चेकचे फोटो, उमेदवारबाईंचं कॅलेंडर, सगळं तीन जीमेल खात्यांत. त्या तीन खात्यांसाठी मी मार्चमध्ये सिक्युरिटी की घेतल्या, म्हणजे खात्यात शिरताना लॅपटॉपला खुपसायच्या छोट्या चाव्या. माणशी दोन, एकूण सहा. एक 29 डॉलरला, म्हणजे 174 आणि वर टॅक्स. बिल बघून बाई म्हणाल्या, "अगं, आपल्याला हॅक करायला कोण रशियातून येतंय?"

मी त्यांना पोडेस्टांची गोष्ट सांगितली. जॉन पोडेस्टा हे हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे अध्यक्ष. 19 मार्च 2016 ला त्यांना गूगलच्या नावाने मेल आला: तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागलाय, लगेच बदला. त्यांच्या माणसांनी डोळे झाकून लिंक दाबली नाही बरं का, आधी कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं. तिकडून उत्तर आलं की मेल खरा आहे. लिहिणाऱ्याला म्हणे 'खोटा' लिहायचं होतं! उत्तरात त्याने गूगलची खरी लिंकही दिली होती, पण दाबली गेली मेलमधलीच. 50 हजारांवर मेल चोरीला गेले आणि ऑक्टोबरपासून विकिलीक्सवर (गुप्त कागद उघड करणारी साइट) रोज थोडे थोडे येत राहिले. याच प्रकरणात जुलै 2018 मध्ये रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या 12 अधिकाऱ्यांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं.

त्या आरोपपत्रातली मला सगळ्यात झोंबलेली ओळ देणग्यांची आहे. डेमोक्रॅट लोक देणग्या 'अ‍ॅक्टब्लू' नावाच्या साइटवरून घेतात. या मंडळींनी त्याच नावाला शेवटी एक 'एस' जोडून स्वतःची साइट नोंदवली आणि पक्षाच्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) निवडणूक समितीच्या वेबसाइटवरून लोकांना तिकडे वळवलं. मी दोन्ही पत्ते कागदावर लिहून नवऱ्याला दाखवले. त्याने चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "एकच आहे की."

ही चावी नेमकी तेवढंच बघते. खात्याला चावी जोडताना तिच्यात खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेलं एक गुपित तयार होतं. पत्ता एका अक्षराने बदलला की चावीच्या लेखी ती साइट अनोळखी, मग तुम्ही कितीही बोट टेकवा. ओटीपीचं तसं नाही. तो तुम्ही खोट्या पानावर टाइप करता आणि पलीकडचा त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरतो.

वापरायला सोपी. चावीवर नखाएवढी गोल पट्टी आहे, लुकलुकली की बोट टेकवायचं. चार्जिंग नाही. फोनच्या पाठीला टेकवली तरी चालते, फक्त जाड कव्हर असेल तर ते काढावं लागतं. माझी एकदा जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आली, चालू आहे.

आता तक्रारी. पहिली म्हणजे दोन घ्याव्याच लागतात. एक हरवली आणि दुसरी नसली की आपणच आपल्या दाराबाहेर. दुसरी, माझी बँक अजून एसएमएसवरच अडून बसली आहे, तिथे चावी लावायची सोयच नाही. तिसरी व्हॉलंटियर मुलांची. ती चावी लॅपटॉपला तशीच खुपसून निघून जातात. मी प्रत्येक चावीला लाल गोंडा बांधला, तेव्हा कुठे जरा फरक पडला.

आणि हिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. त्याच काँग्रेस समितीच्या दहा तरी कॉम्प्युटरवर त्या लोकांनी एक्स-एजंट नावाचा प्रोग्राम बसवला होता. तो टाइप केलेलं टिपायचा, स्क्रीनचे फोटो काढायचा. तो कॉम्प्युटरच्या आत बसलेला असताना मेलच्या दाराला चावी असून काय उपयोग? म्हणून अपडेट आणि अनोळखी अटॅचमेंट यांवरून माझी कटकट चालूच आहे. 'डेमोक्रॅटांचीच भानगड' म्हणणाऱ्या रिपब्लिकन शेजाऱ्यालाही मी हेच सांगते: 2024 मध्ये इराणी हॅकरांनी ट्रंप यांच्या प्रचाराची कागदपत्रं पळवली आणि पत्रकारांना पाठवली.

घेताना खोक्यावर 'फायडो 2' (अशा चाव्यांचं ठरलेलं मानक) लिहिलंय ना ते बघा, आणि आपल्या लॅपटॉपचं भोक कुठलं आहे तेही. मी पहिल्यांदा चुकीची मागवली, परत पाठवावी लागली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो दुसऱ्या चावीच्या 29 डॉलरसाठी. माझी दुसरी चणाडाळीच्या डब्यात आहे. पुरणपोळीच्या दिवशी तेवढी आठवणीने काढावी लागते.