लो प्रेशरचा कोड दाखवून पंपाचं बिल लावलं, पिकअपवाल्यांनी वाचा

गोव्यात पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणणाऱ्यांसाठी, कारण चवथीच्या तोंडावर गाडी उभी ठेवणं कुणालाच परवडत नाही आणि न केलेल्या कामाचं बिल लावणारे गॅरेजवाले नेमकं तेच हेरतात.

आमची पिकअप बीएस फोर, कॉमन रेल डिझेल, म्हणजे हाय प्रेशर पंप एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाने डिझेल भरतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात. लोड घेऊन घाट चढताना ओढच राहिना, चेक लाइट लागायचा, मग कितीही रेस द्या आरपीएम वर जायचा नाही, आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची. हायवेवरच्या एका गॅरेजात नेली, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. त्याने स्कॅनर लावला, पी००८७ हा लो प्रेशरचा कोड दाखवला आणि म्हणाला, "पात्रांव, हाय प्रेशर पंप गेला, चारी इंजेक्टर पण गेले, आता नाही केलं तर इंजिनच जाईल." बिल ८६ हजार. जुने पार्ट मागितले तर म्हणे एक्स्चेंजमध्ये गेले. जुना पार्ट देऊन बदली घेण्याचं एक्स्चेंज खरंच असतं, म्हणूनच ही थाप पचते.

गाडी थोडे दिवस बरी चालली आणि पुन्हा घाटात तेच.

मग साखळीच्या जुन्या मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी स्कॅनरच्या आधी फिल्टर आणि पंपाच्या मधे एक पारदर्शक पाइप जोडला आणि गाडी चालू केली, तर डिझेलबरोबर बुडबुडे येत होते, आपल्या डोळ्यांनी दिसत होते. टाकीकडून फिल्टरला येणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरला होता. तिथे पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे बाहेर थेंब गळत नाही, उलट हवा आत जाते, आणि हवा मिसळली की पंप कितीही चांगला असला तरी लोडवर प्रेशर देणार कुठून? पाइप आणि क्लिपा बदलल्या, एअर काढली, काही शे रुपयांत काम झालं. आधीच्याने नुसता फिल्टर बदलून एअर काढली असणार, म्हणून तेवढे दिवस चालली.

मामांनी मग पंप दाखवला. प्लेटवर बनावटीचं साल आमच्या गाडीचंच, बोल्टवर जुना गंज तसाच, इंजेक्टरच्या नटांवरची कंपनीची पेंटची खूण सुद्धा तुटलेली नाही. म्हणजे पाना लागलाच नव्हता! हे बघून माझं डोकं फिरलं, कष्टाचे पैसे आहेत हो.

पी००८७ चा अर्थ एवढाच की रेलमध्ये पाहिजे तेवढं प्रेशर येत नाही, का येत नाही ते कोड सांगत नाही. अंगात ताप आहे एवढं कळलं म्हणून कुणी लगेच ऑपरेशन करतं का? आधी टाकीची जाळी, पाइप, फिल्टर, फिल्टरमधलं पाणी (आपल्याकडे पावसात हे फार, खालचा स्क्रू सोडून पाणी काढत जा), मग इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) बाटल्या लावून बघायचं कुठला जास्त डिझेल परत पाठवतोय, तो एकच खराब असतो कित्येकदा, आणि पंप सगळ्यात शेवटी. आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी नुसती चालू असताना, रेलमध्ये साधारण २५० ते ३०० बार असतात, स्कॅनरवर तो आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा, आयडलला पण आणि रेस देऊन पण. नवीन इंजेक्टर घातला तर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकावा लागतो, तो कोड बिलावर लिहून घ्या, पंपाचा नंबर पण घ्या, आणि काम सुरू व्हायच्या आधी इंजिनचे फोटो काढून ठेवा.

असं झालं असेल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. धंद्याची गाडी आहे म्हणून गप्प बसू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. मी बिल, पंपाच्या प्लेटचा फोटो आणि मामांचं लेखी म्हणणं तक्रारीला जोडून दिलंय. गॅरेजवाल्याचा आता फोन येतो, अर्धे घे आणि मिटव म्हणून. मी पूर्ण मागितलेत, आणि ते पण लिहून.