पेढ्याला पाच, काट्याला भोपळा, एकूण दोन स्टार

पेढे एक नंबर, त्यात वाद नाही. खवा मस्त भाजलेला, वेलची बेताची, साखर दाताखाली येत नाही. तीन स्टार कापलेत ते काट्यापायी आणि मालकांच्या तोंडापायी.

झालं असं, भाचीचा दहावीचा रिझल्ट लागला म्हणून किलोभर पेढे घ्यायला गेलो, 720 रुपये किलो, काउंटरवरच्या पोराने रिकामा खोका काट्यावर ठेवला आणि टेअरचं, म्हणजे खोक्याचं वजन वजा करून काटा शून्यावर आणायचं, बटण न दाबताच भरायला सुरुवात. काट्यावर आधीच 68 दिसत होते. मी म्हटलं, भाऊ आधी शून्य कर ना, हा तर 49 रुपयांचा पुठ्ठाच विकतोयस मला. पोरगं बिचारं मालकांकडे बघायला लागलं. आता मालकांनी म्हणावं ना की काटा चुकतोय, किंवा खोक्याचे पैसे त्यातच धरतो, काहीतरी! तर म्हणे, "तुम्हाला समोरच्याने पाठवलंय का?" समोर नवीन स्वीट मार्ट उघडलंय, त्याचा राग. म्हटलं नाही हो, याच गल्लीत राहतो. मग "डिस्काउंट पाहिजे तर सरळ मागा." मग "पन्नास रुपयांसाठी एवढं?" रांगेत मागे एक आजोबा होते, ते म्हणाले, अहो बरोबर बोलतायत ते, खोका निव्वळ वजनात धरत नाहीत, वैधमापनाचा 2009 चा कायदा आहे. तर मालक, "अच्छा, दोघं मिळून आलात!" त्या आजोबांना मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी समोरच्याचा सख्खा मेहुणा असलो तरी खोका 68 ग्रॅमच भरणार ना? आणि चिकट तर मी आहेच, घरचे पण बोलतात, पण माझ्या चिकटपणाने पुठ्ठ्याचा पेढा होत नाही.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर कधीपर्यंत खायची ती तारीख लावणं एफएसएसएआयने (सरकारचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) 1 ऑक्टोबर 2020 पासून सक्तीचं केलं होतं, इथे एकाही ट्रेवर नाही. ते विचारलंच नाही, म्हटलं आता फूड इन्स्पेक्टरचा खबऱ्या ठरेन.

परवा परत गेलो (पेढे चांगलेत, काय करणार) पण घरून स्टीलचा डबा घेऊन. चांगला जड, 300 च्या वर. पोराने तो काट्यावर ठेवला आणि कोणी न सांगता टेअर दाबलं. मालक गल्ल्यावर नोटा मोजत होते.