उन्हाळ्यात गच्चीवर काकडी: खिरा, बिनबियांची की ककडी?

हिंदीत खिरा वेगळा आणि ककडी वेगळी. आपण दोघींनाही काकडीच म्हणतो, आणि उन्हाळ्यात वेल लावणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते. खिरा म्हणजे आपली कोशिंबिरीची जाड, पाणीदार काकडी. ककडी लांब, बारीक, फिकट हिरवी, अंगावर रेघा आणि बारीक लव. ती काकडी दिसत असली तरी कुळाने खरबूज आहे. खिरा सौम्य उन्हाचा, खरबूज नदीपात्रातल्या तापल्या वाळूत वाढणारं. मे महिन्यात हा फरक गच्चीवर उघडा पडतो.

मी अकोल्यात राहतो, गच्ची पश्चिमेची. मेमध्ये पारा 44-45 ला जाणं इथे बातमी नसते. त्यामुळे हे लिखाण विदर्भ, खानदेश, मराठवाडा, सोलापूर अशा भागांसाठी आहे. पुण्या-नाशिककरांनी यातली निम्मी भीती वजा करावी. कोकणातलं तवसं पावसाळी, त्याचा इथे विचार नाही.

पर्याय तीन. पहिला, साधा खिरा: गावठी बी, किंवा 'पूना खिरा', किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पांढरट 'हिमांगी'. दुसरा, बिनबियांची पॉलीहाऊसवाली काकडी. यात बहुतेक संकरित वाणं, शिवाय दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा सीडलेस काकडी-6'. तिसरा, ककडी. दुकानात ती 'लाँग मेलन' किंवा 'आर्मेनियन कुकुंबर' म्हणूनही मिळते. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं 'अर्का शीतल' हे या ककडीचंच वाण. नावात मात्र चुकू नका: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची नुसती 'शीतल' ही खिरा काकडी आहे. बी मागताना पूर्ण नाव सांगा.

चव सांगायची तर खिऱ्याला तोड नाही. चोचवून, दाण्याचं कूट घालून, वरून फोडणी दिलेली खमंग काकडी करायची तर तो ताजा वास खिऱ्यालाच. पण हाच खिरा उन्हाच्या ताणात कडू होतो. कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य देठाकडे आणि सालीलगत साठतं. ऊन, आणि त्याहून जास्त पाण्याची चालढकल, यांनी ते वाढतं. देठ कापून त्यावर चोळायचा आणि फेस काढायचा, हे आमच्या घरी अजून चालतं. फेसाबरोबर कडूपणा जातो हे मला कधी पटलं नाही. देठाकडची दोन बोटं आणि साल काढली तर जातो. तरीही जहर कडू लागली तर ती काकडी टाकून द्या, पोट बिघडतं.

बिनबियांची काकडी सहसा कडू निघत नाही, साल पातळ, पण चव जरा गुळमुळीत. ककडीही सहसा कडू होत नाही, सोलावी लागत नाही, पाणी कमी सुटतं म्हणून दह्यातली कोशिंबीर घट्ट राहते. फक्त ती वीतभर-दीड वीत असतानाच तोडायची. दोन दिवस विसरलात की बी टणक, आणि पिकायला लागली की खरबुजाचा वास. माझ्या आईला तो वास कोशिंबिरीत अजिबात खपत नाही.

पण निर्णय चवीवर होत नाही. तो होतो फुलावर.

खिऱ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, आधी नर. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी असते. दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की नर फुलं वाढतात, मादी कमी होतात, वर परागकणांतला दम जातो. मग 'फुलं येतात पण गळतात' ही तक्रार सुरू होते. नर फुलं गळणारच, त्यांचं काम तेवढंच. मादी फूल एकच दिवस उमलतं, त्या सकाळी मधमाशी आली नाही तर मागची काकडी पिवळी पडून सुकते. गेल्या वर्षी मी चिमण्या-बुलबुलांपासून वाचवायला अख्खा मांडव नायलॉनच्या बारीक जाळीत गुंडाळला. पक्षी थांबले, माश्याही थांबल्या. पंधरा दिवस पिवळी बोटं मोजत बसलो. शेवटी रोज सकाळी आठच्या आत नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मादी फुलात फिरवायला लागलो, तेव्हा कुठे चार फळं लागली.

बिनबियांच्या काकडीची खरी करामत इथे आहे. जवळजवळ सगळी फुलं मादी, आणि परागीभवनाशिवाय फळ धरतं. सातव्या मजल्यावर राहता, माशी दिसतच नाही, तर हाच वेल. मात्र तो लाडावलेला आहे. बी महाग, मोजून येतं, आणि संकरित असेल तर दर वर्षी नवं घ्यावं लागतं. 50 टक्के सावलीच्या शेडनेटशिवाय आमच्याकडे एप्रिल उलटत नाही: फळं वाकडी होतात, कोवळी असतानाच करपतात, आणि कोरड्या हवेत पानामागे लाल कोळी जाळी विणतो. शेजारी साधा खिरा लावाल तर माश्या त्याचे पराग इकडे आणतील, आणि बिनबियांच्या काकडीत बिया धरून ती एका टोकाला फुगेल. दोन्ही एका गच्चीवर नकोत.

ककडीला फळ धरायला मधमाशी हवीच, पण ऊन तिला तेवढं सतावत नाही. दुपारी पानं मान टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी. खिऱ्याची तऱ्हा वेगळी, त्याच्या पानांची कड जळते आणि जळलेली राहते. खिरा आणि ककडी यांचा आपसात संकर होत नाही, तेव्हा ही जोडी शेजारी खुशाल लावा. खरबूज मात्र जवळ नको. फळाला काही होत नाही, पण त्याचं घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी भलतंच उगवतं.

छाटणी तिघींची एक नाही आणि इथे बरेच जण एकाच व्हिडिओवरून तिन्ही वेल कापतात. बिनबियांचा वेल एकाच खोडावर सुतळीने वर न्यायचा, बाजूचे फुटवे काढायचे, गुडघ्याखालची कोवळी फळंही काढून टाकायची. ककडीचा मुख्य शेंडा पाच-सहा पानांवर खुडायचा, कारण मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर येतात. खिऱ्याला सोडून दिलं तरी चालतं.

कुंडी तिघींनाही मोठी हवी, निदान 18 इंची, तिच्यात एकच वेल. काळी ग्रो बॅग मेमध्ये मुळं शिजवते. बाहेरून चुना मारा किंवा भोवती गोणपाट गुंडाळा. मातीवर चार बोटं सोयाबीनचं कुटार किंवा गव्हाचं काड. पाणी सकाळी आणि संध्याकाळी, पण नळीतलं पहिलं उकळतं पाणी बादलीत जाऊ द्या. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा (नर माश्यांना वासाने ओढणाऱ्या गोळीचा) एक सापळा खिऱ्यालाही हवा आणि ककडीलाही.

माझा कल सांगतो. माश्या येत असतील तर बिनबियांच्या वाटेला जाऊच नका. संक्रांतीनंतर लगेच खिरा लावा. 45-50 दिवसांत तोडा सुरू होतो आणि एप्रिल मध्यापर्यंत चांगली काकडी मिळते. फेब्रुवारी संपताना दुसऱ्या कुंडीत ककडी पेरा. खिरा थकतो तेव्हा ती भरात येते आणि पाणी चुकवलं नाही तर मेभर देते. एप्रिलमध्ये पहिल्यांदा सुचलं असेल तर खिऱ्याचं पाकीट जूनपर्यंत ठेवून द्या, पहिल्या पावसावर तो कमी कष्टात येतो, आत्ता ककडीच. उन्हाळ्यात आठ दिवस गावाला जाणार असाल आणि पाणी घालायला कोणी नसेल, तर तिन्ही नकोत.

बी घरचं धरायचं असेल तर साध्या खिऱ्याचं एक सरळ फळ वेलावरच पिवळं-तपकिरी होईपर्यंत ठेवा. त्यातला गर दोन दिवस आंबवून धुवा आणि बी सावलीत वाळवा. ते फळ वेलावर असेपर्यंत बाकीची फळं कमी लागतात, म्हणून हे काम हंगामाच्या शेवटी करा.